सिंग ची तोउ! : कॅन्टोनीजमधली राजाज्ञेची भाषा शिकताना

सोनटक्का

मंडळी, प्रश्न जरा आडगल्लीतला आहे, पण इथे कुणी ना कुणी जाणकार सापडतोच, म्हणून धागा काढते आहे.

मी हाँगकाँगला, काउलूनच्या बाजूला राहते. कामापुरती कॅन्टोनीज येते. भाजीत घासाघीस करणं, मिनीबस हव्या त्या कोपऱ्यावर थांबवणं, लिफ्टमधल्या आज्यांना "जेवलात का" विचारणं, एवढं जमतं. आमच्या वस्तीतल्या समाजकेंद्रात 'यूत खेक'चा, म्हणजे कॅन्टोनीज संगीत नाटकाचा, हौशी वर्ग चालतो. गाण्याच्या ओढीने मी जायला लागले आणि पुढच्या प्रयोगात त्यांनी मला हुकूम घेऊन येणाऱ्या खोजाचं काम दिलं. गाणं नाहीच! यायचं, पिवळी गुंडाळी उलगडायची, सम्राटाचा हुकूम खणखणीत वाचायचा, गुंडाळी समोरच्याच्या हातात द्यायची आणि निघायचं. सगळ्यांच्या मते हे नाटकातलं सर्वांत सोपं काम.

माझ्या मते मुळीच नाही. यातला एकही शब्द बाजारात ऐकू येत नाही. आतापर्यंत जमवलेलं असं (आकडे सुरांचे आहेत): आधी पडद्याआडून आरोळी, "सिंग३ ची२ तोउ३", म्हणजे राजाज्ञा आली. मग समोरच्याला "चिप३ ची२", आज्ञा स्वीकार. तो गुडघे टेकतो. मग मुख्य वाचन, "फ़ुंग६ थिन१ सिंग४ वन६, वोंग४ तइ३ चिउ३ यूत६", त्यापुढे मजकूर, आणि शेवटी "यम१ छी२". तो म्हणतो "चे६ च्यू२ लुंग४ यन१", धन्याच्या थोर कृपेबद्दल आभार. मी बाहेर.

दोन गोष्टी हव्यात. एक, उच्चार मराठी तोंडाने नीट कसे बसवायचे. दोन, हे शब्द खरोखर दरबारात असे वापरत होते, की सगळा नाटकी मामला आहे?

चिंचबोरं

रुमाल टाकून ठेवते! हाँगकाँगच्या टीव्हीबी वाहिनीच्या जुन्या दरबारी मालिका बघून माझं अर्धं तारुण्य गेलंय. माझ्याकडून भर: "फिंग४ सन१" (उठा), "मिन५ लइ५" (नमस्कार राहू दे), "थॉइ३ छिउ४" (दरबार बरखास्त), "चॉन१ ची२" (जशी आज्ञा), "चॉन२ चउ३" (अर्ज मंजूर). आणि अर्थातच सम्राट भडकला की "लोइ४ यन४ आ३!" म्हणजे कोण आहे रे तिकडे, आणि मग दक्षिण दरवाज्याबाहेर नेऊन मुंडकं उडवायचा हुकूम. तो तर मला झोपेतही येतो.

खवचट_खार

ताई, हौस दांडगी आहे, पण मुळातच गंमत आहे. बीजिंगच्या सम्राटाला कॅन्टोनीजचं ओ की ठो कळत नव्हतं. मिंग घराण्याच्या काळात दरबारची भाषा 'अधिकाऱ्यांची बोली', म्हणजे मँडरिन, त्यानंतरच्या छिंग घराण्याच्या काळात ती आणि शिवाय त्या घराण्याची मांचू. सम्राट "फिंग सन" कधीच म्हणाला नाही. दरबारी शब्द शिकायचेच तर सरळ मँडरिनमध्ये शिका की! कॅन्टोनीजमधला राजहुकूम ही टीव्हीवाल्यांची देणगी आहे.

चिंचबोरं

खारुताई, तिला नाटकात काम मिळालंय, बीजिंगला नोकरी नाही. तिथे मँडरिनमध्ये वाचलं तर प्रेक्षक उठून जातील.

बोरूबहाद्दर

उच्चारांचं मी सांगतो, इतिहासाचं दप्तरी येतीलच.

सोनटक्काताई, मराठी माणसाला कॅन्टोनीजमध्ये एक घबाड फुकट मिळालेलं आहे आणि ते बहुतेकांना ठाऊक नसतं. 'ची' (आज्ञा), 'चिउ' (जाहीर फर्मान), 'चम' (मी, सम्राट) या शब्दांतला च हा 'चहा'तला नाही, 'चाका'तला आहे. चाक, चोर, चमचा म्हणताना जीभ जिथे लागते तिथेच. हिंदीवाल्याला आणि इंग्रजीवाल्याला हा च घोटून घोटून शिकवावा लागतो, आपल्याला आईच्या दुधाबरोबर येतो. इंग्रजी अक्षरांतली जी प्रमाण लेखनपद्धत आहे, ज्युतपिंग (हाँगकाँगच्या भाषातज्ज्ञांनी १९९३ साली केलेली), तिच्यात हा ध्वनी 'झेड'ने लिहितात आणि शिकणारे झ, झ करत बसतात. झ विसरा.

'छ' लिहिलाय तो मात्र आपल्याकडे नाही. चाकातला च आणि त्याला जोरदार श्वास. 'यम छी'तली छी म्हणताना तोंडासमोर तळहात धरा, वारा लागला पाहिजे. आणि 'फिंग'मधला फ हा खरा फ, दोन्ही ओठ मिटून. आजकाल आपण 'फूल' इंग्रजी एफने म्हणतो, तसं केलंत तर घोटाळा, कारण 'फ़ुंग थिन'मधला फ़ तो इंग्रजीवाला. एकाच दृश्यात दोन्ही फ येतात, लक्ष ठेवा.

आता सूर. सहा आहेत: १ उंच सपाट, २ चढता, ३ मधला सपाट, ४ तळाला घसरणारा, ५ तळातून थोडासा उचलणारा, ६ खालचा सपाट. याचा धाक का बाळगायचा ते एका शब्दावर दाखवतो. सम्राट स्वतःला म्हणतो 'चम६'. हेच चम१ म्हटलं तर सुई, चम२ म्हटलं तर उशी, चम३ म्हटलं तर पाण्यात भिजवणं. आणि अ लांबवून आ केलात, 'चाम२', की झालं 'मुंडकं छाटा'. इथेही आपल्याला फायदा. अ आणि आ वेगळे असतात हे मराठी पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

'क्वइ६' म्हणजे गुडघे टेक. 'क्वइ२' म्हणजे भूत. अधिकाऱ्याला भूत म्हणून हाक मारू नका म्हणजे झालं.

शेवटचं. 'चिप'मधला प, 'यूत'मधला त पूर्ण फोडायचा नाही. ओठ मिटले, जीभ टेकली, तिथेच थांबा. 'चिप्प' असं म्हटलंत की लगेच परदेशी ऐकू येतं.

सोनटक्का

बोरूबहाद्दर, हे सोन्यासारखं आहे. वर्गातल्या बाई सारख्या "झ नको" म्हणायच्या, पण हवं काय ते सांगता येत नव्हतं त्यांना. चाकातला च म्हणून दाखवला तर खूश झाल्या. क्वइ२ आणि क्वइ६ मात्र अजून एकमेकांच्या अंगावर जातात.

दप्तरी

वाचनखूण साठवली आहे. आता माझी पाळी.

खारुताईंचं अर्धं खरं आहे, आणि त्याला पुरावाही त्यांनी दिला त्यापेक्षा चांगला आहे. १७२८ साली योंगचंग सम्राटाने एक आज्ञा काढली. फूच्येन आणि ग्वांगदोंग (हा कॅन्टोनीजचा मुलूख) इथले अधिकारी भेटीला येऊन आपली माहिती सांगतात तेव्हा त्यांचे गावठी उच्चार मला समजत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. त्या दोन प्रांतांत 'शुद्ध उच्चाराच्या' शाळा काढायला लावल्या. म्हणजे कॅन्टोनीज वळणाचे उच्चार दरबारात ऐकू येत होते, पण सम्राटाच्या कपाळाला आठ्या पाडत.

पण उरलेलं अर्धं चूक आहे. राजाज्ञा ही बोलण्याची गोष्टच नव्हती, ती लिहिण्याची होती. आणि लिहिण्याची भाषा होती जुनी अभिजात चिनी, जी कुणाचीच बोली नव्हती. तोच कागद कँटनच्या (आजच्या ग्वांगचौच्या) पंडिताने स्वतःच्या उच्चारात वाचला, बीजिंगच्या कारकुनाने त्याच्या. दोघांचंही वाचन अस्सल. कॅन्टोनीजमध्ये अशा वाचनाची परंपरा टीव्हीच्या कितीतरी शतकं आधीची आहे. परीक्षेला बसणारा ग्वांगदोंगचा कॅन्टोनीज बोलणारा मुलगा ग्रंथ याच उच्चारांत घोकत असे. उलट हे शेवटी येणारे प, त, क आणि म त्याच्या वाचनात शाबूत होते, उत्तरेच्या बोलीत प, त, क गेले आणि म चा न झाला. 'यम छी'चं मँडरिनमध्ये 'छिन छ्स' होतं.

शब्दांची कुळं पाहा. इ.स.पू. २२१ मध्ये छिन शृह्वांगने देश एक केल्यावर पहिल्या कामांत हे एक केलं की 'चम' हा 'मी' फक्त सम्राटाचा. त्याआधी तो कुणीही वापरत असे. त्याच झटक्यात 'चइ३' आणि 'चिउ३' हे दोन शब्द सम्राटाच्या हुकमासाठी राखून ठेवले. म्हणजे सोनटक्काताई, तुमच्या तोंडचा 'चिउ' एकवीसशे वर्षं सरकारी नोकरीत होता.

'फ़ुंग थिन सिंग वन' मात्र इतका जुना नाही. तो मिंग घराण्याचा पहिला सम्राट चू युआनचांग याचा, १३६८ नंतरचा. शेतकऱ्याचा पोर, काही काळ मठात भिक्षू, मग सम्राट. आपल्याला गादी आकाशाने दिली, हे त्याला प्रत्येक कागदाच्या डोक्यावर हवं होतं. त्यामुळे ज्या नाटकात हान किंवा थांग काळातला दूत हे आठ शब्द म्हणतो, तिथे काळाची गल्लत आहे. ताई, तुमचं नाटक कोणत्या काळातलं?

आणि शेवटचं 'यम छी', म्हणजे साधारण 'ही सम्राटाची आज्ञा, आदराने पाळावी'. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या पत्राच्या तळाशी 'मर्यादेयं विराजते' अशी मोर्तब असते, तिथेच मजकूर संपला, पुढे कुणी काही घुसडलं तर ते खोटं. त्या जातीचंच काम 'यम छी' करतो. मोडी दप्तरं चाळणाऱ्याला हे लगेच पटेल.

खवचट_खार

दप्तरीकाका, लिहिलेल्याचं मान्य. पण ग्वांगदोंगच्या साध्या माणसाने, शेतकऱ्याने, नावाड्याने, राजाज्ञा कॅन्टोनीजमध्ये कानाने ऐकली का? मला तोच प्रश्न आहे. पंडित घोकत होते म्हणून काय झालं?

दप्तरी

ऐकली. महिन्यातून दोनदा.

कांगशी सम्राटाने १६७० मध्ये सोळा वचनं काढली, प्रत्येक बरोबर सात अक्षरांचं. 'सिंग३ यू६', पवित्र आज्ञा. १७२४ मध्ये त्याचा मुलगा योंगचंग याने त्यावर लांबलचक भाष्य लिहिलं. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला गावोगाव लोकांना जमवून ही वचनं वाचायची आणि अर्थ तिथल्या बोलीत समजावून सांगायचा, असा दंडक होता. पहिलं वचन कॅन्टोनीजमध्ये असं: "तॉन१ हाउ३ तइ६ यि५ चुंग६ यन४ लॉन४". आईबापांची सेवा आणि मोठ्या भावाचा मान राखा, म्हणजे माणसामाणसांतली नाती वजनदार होतील. कर वेळेवर भरा, खटलेबाजी करू नका, मुलांना आणि धाकट्या भावांना शिकवा, हेही त्यात आहे. लोक कितपत मन लावून ऐकत ते सोडा. सरकारी प्रवचनाला जांभया सगळीकडे येतात. पण सम्राटाचा शब्द कॅन्टोनीज बोलणाऱ्याच्या कानावर पडण्याची ठरलेली जागा ही होती.

सोनटक्काताई, तोंडाला वळण लावायला ही सात अक्षरं उत्तम. सहापैकी पाच सूर एका ओळीत येतात, फक्त २ नाही.

माईनमुळा

धागा उशिरा दिसला. आम्ही बरीच वर्षं हाँगकाँगच्याच न्यू टेरिटरीज भागात होतो, तिथलं थोडं.

नाटक आणि ग्रंथ सोडून ही भाषा आजही जिवंत कुठे दिसते सांगते. दाराला चिकटवलेल्या पिवळ्या कागदाच्या ताईतांवर. ताओ पुरोहित जे लाल-काळ्या शाईने लिहितात त्याच्या अगदी वर दोन अक्षरं असतात, "छिक१ लिंग६", फर्मान आणि हुकूम. मंत्राचा शेवट ठरलेला, "कप१ कप१ यू४ लॉत६ लिंग६", तातडीने, कायद्यातल्या हुकमाप्रमाणे. ही हान काळातल्या सरकारी कागदाची शेवटची ओळ होती. सरकारं बदलली, कचेऱ्या गेल्या आणि ओळ भुताखेतांना दम द्यायला राहिली. गंमत म्हणजे भुतंही सरकारी भाषेलाच घाबरतात.

दुसरं, आमच्या जवळ काम थिन म्हणून गाव आहे, तंग आडनावाच्या घराण्याचं. तिथे दर दहा वर्षांनी 'ता चिउ' नावाचा मोठा उत्सव होतो. बांबूचा अवाढव्य मांडव, दिवसरात्र नाटकं, पुरोहितांचे विधी. त्यात एक विधी स्वर्गातून आलेल्या माफीनाम्याचा असतो. माफीचं फर्मान घेऊन दूत धावत येतो आणि मग ते मोठ्याने वाचलं जातं. थेट दरबाराची नक्कल, फक्त सम्राट वरचा.

आणि या उत्सवामागे खरीखुरी राजाज्ञा आहे. १६६१ मध्ये छिंग दरबाराने 'छिन१ काइ३ लिंग६' काढला, किनारा रिकामा करण्याचा हुकूम. तैवानकडे गेलेल्या कोशिंगा या छिंगविरोधी सेनानीला किनाऱ्यावरून धान्य आणि माणसं मिळू नयेत म्हणून. समुद्रापासून पन्नास ली, साधारण २५ किलोमीटर, आत सरका. आजचा हाँगकाँग जवळपास सगळा त्या पट्ट्यात. घरं पाडली, लोक वाटेवर मेले. १६६९ मध्ये परत यायची मुभा मिळाली, ती ज्या दोन अधिकाऱ्यांनी सम्राटाकडे रदबदली केली त्यांच्यामुळे, एक सुभेदार चौ आणि दुसरा राज्यपाल वोंग. काम थिनमध्ये त्या दोघांच्या नावाची वास्तू अजून आहे आणि उत्सवात त्यांची आठवण असते. दप्तरीकाकांची पवित्र आज्ञा लोक ऐकून विसरले असतील, ही नाही विसरले.

खारुताई, सम्राट कॅन्टोनीज मुलखात कधी आलाच नाही असं मात्र नाही बरं का. मंगोलांपासून पळताना सोंग घराण्याचे शेवटचे दोन बालसम्राट १२७७ च्या सुमारास काउलूनपर्यंत आले होते. 'सुंग वोंग तोइ' हा कोरलेला खडक त्यांच्याच नावाचा, आणि त्याच नावाचं मेट्रो स्टेशन २०२१ मध्ये सुरू झालं. सोनटक्काताई, तुमच्या बाजूलाच की! १२७९ मध्ये ग्वांगदोंगच्याच याइशान इथल्या लढाईत सगळं संपलं. धाकट्या सम्राटाला पाठीवर घेऊन मंत्र्याने समुद्रात उडी घेतली.

खवचट_खार

माईनमुळा, हे भारी आहे. सम्राटाच्या तोंडी कॅन्टोनीज नव्हती, या मतावर मी आहेच. पण हुकूम झेलणाऱ्यांच्या कानात होती, हे मान्य.

खाडीपलीकडे

मुंबईकर म्हणून मध्येच घुसतो. या शब्दांपैकी एकाने मुंबईच्या तिजोऱ्या हादरवल्या होत्या: 'यम१ छाइ१', सम्राटाचा खास दूत. दाउक्वांग सम्राटाने १८३८ च्या अखेरीस लिन चश्यू याला ही सनद देऊन कँटनला धाडलं. मार्च १८३९ मध्ये तो पोचला, परदेशी व्यापाऱ्यांना हुकूम सुनावला की असेल तेवढी अफू हवाली करा. वीस हजारांवर पेट्या जमा झाल्या आणि जूनमध्ये हूमेनच्या किनाऱ्यावर चर खणून, मीठ-चुना घालून नष्ट केल्या. त्या मालात बंगालची अफू होती तशी माळव्याचीही होती, आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची. जमशेटजी जीजीभॉय यांनी चीनच्या व्यापारातच मोठा पैसा केला, ज्यातून पुढे मुंबईत रुग्णालय आणि कलाशाळा उभ्या राहिल्या. लिनचा हुकूम ज्यांनी ऐकला त्यांच्यात पारशी व्यापारी होते.

त्या काळातल्या हुकमांचा शेवट बहुतेक "लम५ चॉन१ मोउ४ वइ४" असा. थरथर कापत पाळा, मोडू नका. ब्रिटिशांनी त्याचं शब्दशः भाषांतर केलं आणि चिनी दरबाराच्या गर्वाचा नमुना म्हणून मिरवलं. १७९३ मध्ये छ्येनलोंगने तिसऱ्या जॉर्जला पाठवलेल्या आज्ञापत्राचा शेवटही त्याच थाटाचा. वास्तविक तो कचेरीतला छापील मायना. 'आज्ञेवरून' लिहिणाऱ्या आपल्या तहसीलदाराला कुणी उद्धट म्हणत नाही.

आणखी एक. कँटनच्या गोदीत सरकारी शिक्क्याच्या कागदाला सगळे परदेशी 'चॉप' म्हणत. जहाज सुटायचं तर कस्टमच्या बड्या अधिकाऱ्याचा 'ग्रँड चॉप' लागे. हा चॉप कॅन्टोनीज नव्हे, आपला 'छाप'. हिंदुस्थानातून जहाजांबरोबर गेलेला.

दप्तरी

उत्तम. याला जोड म्हणून, परदेशी लोकांनी चिनी शिकणं हाच एके काळी गुन्ह्याच्या जवळ जाणारा प्रकार होता. १७५९ मध्ये जेम्स फ्लिंट या इंग्रजाने कँटनच्या कस्टमविरुद्ध सम्राटाकडे चिनीत अर्ज नेला. त्याला मकावला तीन वर्षं कैद, आणि अर्ज लिहायला मदत करणाऱ्या चिनी माणसाचा शिरच्छेद. त्यानंतर नियम आणखी कडक झाले. कॅन्टोनीज शब्दांचा पहिला मोठा छापील संग्रह रॉबर्ट मॉरिसनने १८२८ मध्ये काढला, तोही मकावला ईस्ट इंडिया कंपनीच्या छापखान्यातून. सोनटक्काताई समाजकेंद्रात चहा पीत शिकतायत, हे फ्लिंटला सांगायला हवं होतं.

चिंचबोरं

माझ्या 'दक्षिण दरवाज्या'बद्दल कुणी बोललंच नाही.

दप्तरी

बोलतो. 'ङ्५ मुन४', दुपारचा दरवाजा, राजवाड्याचा मुख्य दक्षिणद्वार. "तिथे नेऊन शिर उडवा" हा हुकूम नाटकातलाच. मिंग काळात त्या दरवाज्यासमोर अधिकाऱ्यांना काठ्यांनी बडवत, त्यात काही मरतही. पण शिरच्छेद राजवाड्याच्या दारात करत नसत. छिंग काळात ती जागा शहरातली, छायशीखौ, म्हणजे चक्क भाजीबाजाराचं तोंड. दरवाज्याचं नाव भारदस्त, म्हणून नाटकवाल्यांनी उचललं असावं.

मालिकांतली दुसरी थाप म्हणजे गुंडाळीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'राजाज्ञा'. छिंग काळातल्या ज्या पदव्यांच्या सनदा संग्रहालयांत आहेत त्यांच्या सुरुवातीला रेशमातच विणलेली अक्षरं असतात, "फ़ुंग६ थिन१ कोउ३ मिंग६", दोन बाजूंना दोन ड्रॅगन. मजकूर दोन भाषांत, चिनी उजवीकडून डावीकडे आणि मांचू डावीकडून उजवीकडे. दोन्ही मध्यावर येऊन भेटतात, तिथे तारखा. अधिकाऱ्याचा दर्जा पाचवा किंवा वर असेल तर 'चइ३ यूत६' म्हणून सुरुवात, सहावा किंवा खाली असेल तर 'छिक१ यूत६'. 'चिउ यूत' हा सगळ्या राज्याला जाहीर करायच्या मोठ्या गोष्टींसाठी. तसं जाहीरनाम्याचं पत्र बीजिंगला थ्येनआनमनच्या सज्जावरून सोन्याच्या मुलाम्याच्या फिनिक्स पक्ष्याच्या चोचीत अडकवून दोरीने खाली सोडत. खाली अधिकारी ढगाच्या आकाराच्या तबकात झेलायचा.

त्यामुळे सोनटक्काताई, तुमच्या हुकमात आहे काय? कुणाला पद दिलंय की सगळ्या राज्याला बातमी? त्यावरून शब्द बरोबर की नाही ते ठरेल.

सोनटक्का

नाटक मिंग काळातलं आहे, तेव्हा 'फ़ुंग थिन' सुटलं. हुकूम असा की नायकाला सीमेवरचा सेनापती नेमलंय. म्हणजे तुमच्या हिशेबाने चिउ नको. वर्गात विचारलं. बाई म्हणाल्या, बरोबर असेल, पण प्रेक्षकांच्या कानाला 'चिउ यूत'चीच सवय आहे, तेच ठेवू.

अवांतर: दूताची सगळी वाक्यं ग्रंथी भाषेत आणि सम्राट मात्र एका प्रवेशात "चम६ म्४ सॉन३" म्हणतो, मी नाही विश्वास ठेवत. 'म्' हा बाजारातला नकार! मला हसू आवरत नाही.

चिंचबोरं

टीव्हीबीचे सगळे सम्राट असेच. 'चम' म्हणून छाती काढायची आणि पुढचं वाक्य फळवाल्याचं. मला तेच आवडतं.

ताई, एक शब्द लिफ्टमधल्या आज्यांवर टाकून बघा: 'फ़ुंग६ ची२', राजाज्ञेनुसार. आजच्या बोलीत त्याचा अर्थ 'जसा काही हक्कच आहे' असा होतो. "खॉइ५ फ़ुंग६ ची२ छी४ तोउ३", तो उशिरा येणार म्हणजे येणारच, बादशाहाने परवानगी दिलीय जशी. भांडी न घासणाऱ्या नवऱ्यांसाठी फार वापरतात.

खवचट_खार

हा शब्द मी पाठ करतोय. हलके घ्या.

सोनटक्का

शेवटचा प्रश्न, मग तुम्हाला सोडते. "फ़ुंग थिन सिंग वन" इथे श्वास घेऊन "वोंग तइ चिउ यूत" म्हणायचं, असं शिकवलंय. चार आणि चार. पण अर्थ लावताना तिथे तोडलं की वाक्य लंगडतं.

दप्तरी

तुमचा कान चांगला आहे. व्याकरणाने ते सहा आणि दोन असं आहे. "आकाशाची आज्ञा शिरोधार्य मानून, कालचक्राची सत्ता लाभलेला सम्राट" हे सहा अक्षरांचं एकच बिरुद, आणि मग "फर्मावून म्हणतो" ही दोन. चार-चारची तोड रंगमंचावर रुळली.

बोरूबहाद्दर

प्रयोगात चार-चारच ठेवा. हा भाग 'हउ२ पाक६', म्हणजे बोलण्याचा आहे, गाण्याचा नाही. इथे चाल सुरांना सांभाळून घेत नाही, तुम्हीच सांभाळायचे. 'वन६' खालच्या सपाट सुरावर आहे, तिथे थांबलं की आवाज भारदस्त बसतो. 'तइ३'वर थांबलात तर वाक्य हवेत लटकतं.

सरावाला मोठी ओळ हवी असेल तर शेवटच्या सम्राटाच्या राजत्यागाची घ्या, १२ फेब्रुवारी १९१२. फू यी तेव्हा नुकताच सहा वर्षांचा झाला होता आणि कागद निघाला राजमाता लुंगयूच्या हुकमाने. सुरुवात अशी: "चम६ यम१ फ़ुंग६ लुंग४ यू६ वोंग४ थाइ३ हउ६ यि३ ची२". मी सम्राट, राजमाता लुंगयू यांची आज्ञा आदराने शिरोधार्य मानून. 'यि ची' म्हणजे राजमातेची किंवा राणीची आज्ञा, सम्राटाची असेल तर 'सिंग ची'. तुमचे चम, यम, फ़ुंग, ची सगळे एका ओळीत आले. 'यम१' उंच धरा, लगेच 'फ़ुंग६'ला खाली या, आणि 'थाइ'मधला आ लांब व 'हउ'मधला अ आखूड ठेवा. 'यि३'चा सूर मधला आहे, तो 'ची२'च्या नादाने वर चढवू नका.